जुनं पासबुक सापडलंय? त्यावरचं नाव आधी नीट वाचा

बँकेतली शेवटची नऊ वर्षं मी मयत दाव्यांच्या टेबलावर काढली. निवृत्त झाले तरी ते टेबल काही सुटलं नाही. सोसायटीतले, नात्यातले लोक पिवळ्या पडलेल्या ठेव पावत्या, कोपरे कुरतडलेली पासबुकं, जुनी शेअर सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी येतात. चहा होईपर्यंत पहिला प्रश्न येतोच, "मॅडम, हे सगळं सरकारजमा झालं असेल ना?"

झालं असेल. पण सरकारजमा म्हणजे बुडालं नव्हे. बँक खात्यात दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की ते इनऑपरेटिव्ह होतं, म्हणजे झोपतं. पैसे तेव्हाही बँकेतच असतात. दहा वर्षं तसंच पडून राहिलं, किंवा एफडीची मुदत संपून दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, की बँक ती रक्कम व्याजासकट रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं लांबलचक नाव. बँकेत सगळे 'डीईए फंड' म्हणतात. २०१४ पासून हे चालू आहे. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. यातले पैसे मागायला मुदत नाही. वीस वर्षांनी गेलात तरी ते तुमचेच.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात पैशाशी क्वचित, नावाशी नेहमी. पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. म्हणून या लेखात मी नावावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

घरातली झडती

संगणकाकडे जायच्या आधी कपाट उघडा. पासबुक आणि पावत्या तर बघाच. शिवाय चेकबुकात उरलेल्या काउंटर फॉइल्स, डिव्हिडंड वॉरंटचे तुकडे, विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, आयकर विवरणाच्या जुन्या प्रती, कंपन्यांचे वार्षिक अहवाल. कंपनी अहवाल पाठवते याचा अर्थ शेअर कोणाच्या तरी नावावर आहेत. वडील बदलीच्या नोकरीत असतील तर कुठल्या कुठल्या गावी राहिले ते आईला किंवा आत्याला विचारा. प्रत्येक बदलीच्या गावी एक बचत खातं उघडलं जायचं आणि पुढच्या बदलीच्या घाईत त्यात शे-दोनशे रुपये राहून जायचे.

सापडेल ते एका कागदावर उतरवून काढा: नाव जसं छापलंय अगदी तसं, पत्ता, शाखा, खाते क्रमांक, शेवटची नोंद कुठल्या तारखेची. 'अगदी तसं' यावर माझा भर आहे. सुधारून लिहू नका. पासबुकावर चुकीचं स्पेलिंग असेल तर तेच चुकीचं स्पेलिंग तुम्हाला पुढे लागणार आहे.

ती बँक आज कुठे आहे?

पासबुकावरची बँकच आता नाही, हे फार ठिकाणी होतं. घाबरायचं कारण नाही, बँक गेली तरी खाती कुणाच्या तरी पदरात गेलेली असतात. आपल्याकडे वारंवार लागणारी नावं सांगते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत, आणि बँक ऑफ कराड त्याही आधी, १९९४ मध्ये, बँक ऑफ इंडियात. मराठवाड्यात ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखा जागोजागी होत्या, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. देना आणि विजया या २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्या वर्षी सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्र युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेचं फक्त नाव बदललं, ती आता आरबीएल.

विलीनीकरणात खाते क्रमांक बदलतो. त्याच्याही आधी, शाखा संगणकावर आल्या तेव्हा, तो एकदा बदललेला असतो. पासबुकावरचा चार आकडी नंबर आणि आजचा लांबलचक नंबर यांचा वरकरणी काही संबंध दिसत नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला की "असा नंबरच नसतो", तर शांतपणे सांगा, "जुना, संगणकाआधीचा नंबर आहे, त्यावरून किंवा नावावरून शोधा."

पतसंस्थेतल्या ठेवी यात येत नाहीत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, आणि रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नसतो. तिथे थेट संस्थेत, आणि दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे.

नावाचा घोळ

एकदा एक बाई आल्या. ठेव पावतीवर 'कु. कुसुम', पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर वैशाली, पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकही जुळत नव्हता. मी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी लग्नाची पत्रिका आणली. आत वधूचं माहेरचं नाव छापलेलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला कोणीतरी शाईच्या पेनने लिहिलेलं: 'सासरचे नाव सौ. वैशाली'. पत्रिका पुरावा म्हणून चालत नाही. पण ती बघितल्यावर मी बाईंना समोर बसवलं आणि कुठले कागद चालतील याची यादी करून दिली. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते.

ती यादी अशी. जुन्या नावासाठी शाळा सोडल्याचा दाखला. जुन्यापासून नव्यापर्यंतच्या पुलासाठी विवाह नोंदणीचा दाखला, किंवा नाव बदलल्याची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. जुन्या रेशनकार्डाला लोक कमी लेखतात, पण पासबुकावरच्याच पत्त्यावर तेच नाव दाखवणारा तोच एक कागद पुष्कळदा घरात असतो.

पुरुषांच्या नावातही कमी गंमत नाही. 'विठ्ठल' इंग्रजीत लिहिताना टी एक की दोन, त्यापुढे एच आहे की नाही? 'ज्ञानेश्वर' डीने सुरू होतो की जीने? 'वामन'ला व्ही की डब्ल्यू? 'लक्ष्मण'मध्ये एक्स की के-एस-एच? आडनाव आधी की शेवटी? वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर? शोधायला बसण्याआधी एकेका नावाची अशी पाच-सहा रूपं लिहून काढा.

उद्गम पोर्टलवर शोध

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला सात बँका होत्या; मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या, आणि डीईए फंडातल्या रकमेपैकी सुमारे नव्वद टक्के या तीस बँकांची आहे. पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा: उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, आणि उद्गमचं स्पेलिंग यूडीजीएएम. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका.

मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून नोंदणी होते. मग 'व्यक्ती' हा पर्याय निवडायचा, खातेदाराचं नाव टाकायचं, बँका निवडायच्या (सगळ्याच निवडा), आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यातलं काहीतरी एक द्यायचं. इथे बरेच जण फसतात. १९८० किंवा ९०च्या सुमारास उघडलेल्या खात्याला पॅन जोडलेलाच नसतो, जन्मतारीखही नोंदलेली नसते. मग पॅन घालून 'काही सापडलं नाही' असं आलं की लोक उठून जातात. तसं झालं तर पत्त्यावरून शोधा, आणि पत्ता आजचा नव्हे, पासबुकावरचा. चाळीचं नाव, पेठेचं नाव, गावाचं नाव, जसं असेल तसं. नावाची ती पाच-सहा रूपंही एकेक करून घालून बघा. गणेश मंडळ, ट्रस्ट, जुनी भागीदारी फर्म यांच्यासाठी 'संस्था' असा वेगळा पर्याय आहे.

नाव सापडलं तर बँक आणि एक संदर्भ क्रमांक दिसतो. त्याला यूडीआरएन म्हणतात. तो उतरवून घ्या. रक्कम तिथे दिसत नाही, ती शाखेतच कळते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उद्गमवर फक्त दहा वर्षं उलटून निधीत गेलेले पैसे दिसतात. खातं चार वर्षांपासून झोपलेलं असेल तर तिथे नाव येणारच नाही, सरळ बँकेत जायचं. आणि बहुतेक नागरी सहकारी बँका उद्गमवर नाहीत. त्यांचेही पैसे त्याच निधीत जातात, पण शोधायला त्या बँकेच्या संकेतस्थळावरची अनक्लेम्ड ठेवींची यादी बघावी लागते.

शाखेत काय करायचं

पैसे रिझर्व्ह बँकेकडे असले तरी मागायचे आपल्या बँकेकडेच. मुंबईला फोर्टात जाऊन रिझर्व्ह बँकेच्या दारात उभं राहून काही होत नाही. लोक खरंच जातात म्हणून सांगते. बँक तुम्हाला देते आणि मग निधीतून वळतं करून घेते.

खातेदार हयात असेल तर काम सोपं. अर्ज, आधार, पॅन, फोटो, पासबुक किंवा पावती. खातं पुन्हा सुरू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही, आणि झोपलेल्या खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. सही जुळत नाही ही नेहमीची तक्रार. पंचविसाव्या वर्षीची सही पासष्टाव्या वर्षी कुणाचीच जुळत नाही. अधिकाऱ्यासमोर नवी सही करून द्या.

व्याजाबद्दल मात्र भाबडी आशा नको. व्याजी ठेवींवर निधीतून मिळणारा दर आधी ४ टक्के होता, जुलै २०१८ पासून साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के, तोही सरळव्याजाने. निधीत २० हजार गेले असतील तर वर्षाला सहाशे रुपये. चालू खात्याला तेही नाही. "१९८५ची पाच हजारांची पावती आहे, आता लाखो झाले असतील" असं म्हणणाऱ्यांना मी आधी पाणी देते, मग हा हिशेब.

खातेदार हयात नसेल तर

पहिलं काम, मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून काढून ठेवा. दाखल्यावरचं नाव पासबुकाशी जुळतं का तेही तिथेच बघा. चूक तिथेच दुरुस्त करून घेतलेली बरी.

खात्याला नॉमिनी असेल, किंवा खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) असेल, तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख, एवढ्यावर पैसे मिळायला हवेत. अशा वेळी बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे न्यायालयाचा वारसा दाखला, मागणं चूक आहे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो विश्वस्त, पैसे शेवटी वारसांचे. भावाभावांत हे आधीच बोलून घ्या.

नॉमिनी नसेल तर रकमेवर ठरतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत ठेवीदारांच्या दाव्यांसाठी एकसारखे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार व्यापारी बँकेत किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत किमान ५ लाखांपर्यंतचे दावे न्यायालयात न जाता, हमीपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र घेऊन निकाली काढायचे आहेत. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत. म्हणूनच कागद दिल्याची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच नसेल तर ते पंधरा दिवस कधी सुरू झाले हे दाखवताच येत नाही.

त्यावरच्या रकमेला, किंवा वारसांत भांडण असेल तर, दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीच्या फेरफारासाठी असते, ती घेऊन बँकेत येऊ नका. गोव्यात रीत वेगळी: तिथे स्वतंत्र वारसा कायदा आहे आणि वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त करता येतो. परदेशातल्या भावाबहिणीच्या सह्या लागत असतील तर त्या तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा ते काम आधी सुरू करा.

शेअर आणि डिव्हिडंड

खरी मोठी रक्कम सापडते ती बहुधा इथे. सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही की तो आयईपीएफ या केंद्र सरकारच्या निधीत जातो, आणि सलग सात वर्षं एकही डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअरही तिकडे जातात. बोनस आणि नंतरचे डिव्हिडंडही तिथेच साठत राहतात आणि दाव्यात परत मिळतात.

इथेही आधी नाव शोधायचं, पण कंपनीचं. टिस्को म्हणजे टाटा स्टील. टेल्कोची टाटा मोटर्स झाली, आणि २०२५ मध्ये तिचीही दोन कंपन्यांत विभागणी झाली. पुण्याच्या घराघरांत असलेल्या जुन्या बजाज ऑटोची २००८ मध्ये विभागणी झाली. मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली, आणि प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. म्हणजे एका पिवळ्या सर्टिफिकेटापोटी तीन कंपन्यांकडे बघायला हवं. नुसत्या एकीकडे दावा करून समाधान मानणारे मी पाहिले आहेत.

आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, फोलिओ क्रमांक (सर्टिफिकेटावरचा शेअरधारकाचा नंबर) यावरून शोध घेता येतो. पुढचा क्रम चुकवू नका. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) केवायसी पुरी करायची, मूळ मालक नसेल तर वारसांच्या नावे करण्याचे कागद द्यायचे आणि 'एंटायटलमेंट लेटर', म्हणजे शेअरवर तुमचा हक्क असल्याचं कंपनीचं पत्र, मिळवायचं. तोवर स्वतःच्या नावाचं डिमॅट खातं उघडून ठेवा, कारण शेअर कागदावर परत मिळत नाहीत. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ हा फॉर्म भरायचा. त्याला फी नाही. फॉर्मची प्रत, पोचपावती, हमीपत्र, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली आगाऊ पावती, डिमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) आणि मूळ सर्टिफिकेट असलं तर ते, हे सगळं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायचं. महाराष्ट्रात हमीपत्राला आता शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो.

कंपनीने तीस दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर आयईपीएफ प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चाला. आणि एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, तेव्हा घाईत अर्धवट फॉर्म टाकू नका. सगळे फोलिओ गोळा होऊ द्या.

बाकीची ठिकाणं

विमा: दहा वर्षं न उचललेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, तिथून पुढे २५ वर्षं मागता येते, पण मागायची विमा कंपनीकडेच. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी नंबर किंवा नाव-जन्मतारखेवरून शोध आहे. भविष्य निर्वाह निधी: जुना एमएचने सुरू होणारा नंबर शोधा, गिरणी किंवा कारखाना बंद पडला असेल तर मालकाच्या सहीऐवजी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन चालतं. पोस्ट: तीन आर्थिक वर्षं व्यवहार नसला की बचत खातं 'सायलेंट' होतं, अर्ज आणि केवायसी देऊन चालू होतं. म्युच्युअल फंडासाठी सेबीने २०२५ मध्ये 'मित्र' नावाची शोध सेवा आणली आहे.

दलाल आणि तक्रारी

"तुमच्या नावाने अमुक लाख पडून आहेत, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला की ठेवून द्या. यात कुठेच सरकार अशी आगाऊ प्रोसेसिंग फी घेत नाही. शेअरच्या दाव्यात वकील किंवा सल्लागाराची मदत घ्यायला माझी हरकत नाही, काम किचकट आहे. पण सही केलेला कोरा कागद आणि मूळ सर्टिफिकेट त्याच्या हाती देऊ नका, आणि टक्केवारी लेखी ठरवा.

बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. चौकशीचा नंबर १४४४८. माझा सल्ला असा की लोकपालाचं नाव पहिल्याच भेटीत काढू नका. टेबलावरचा माणूस आधी दचकतो आणि मग प्रत्येक कागदात खोट शोधू लागतो.

कुसुमताईंचं काम शेवटी झालं. रक्कम फार नव्हती. पावती हातात देताना त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "ही परत मिळेल का? मागे दादांची सही आहे." त्या अल्पवयीन असताना वडिलांनी मुदत वाढवून घेतली होती, ती सही. मूळ पावती पैसे देताना बँक ठेवून घेते, परत देत नाही. तेव्हा शाखेत जायच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा.